गाडी बंद पडते, एवढंच लिहा

मी गाडी चालवायला शिकले तेव्हा एकोणपन्नास वर्षांची होते. नवऱ्याला डाव्या डोळ्याने लहानपणापासून कमी दिसतं, त्यामुळे त्याने कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. आमची गाडी कधी नव्हती, आणि तिच्यावाचून काही अडलंही नव्हतं. पण आईला अर्धांगाचा झटका येऊन गेला आणि तिचा उजवा हात नीट हलेना. ती ठाण्याला भावाकडे असते. तिला आमच्या भाईंदरच्या, जेसल पार्कच्या घरी राहायला यायचं असायचं, कारण आमच्या गॅलरीत खाडीकडून वारा येतो आणि भावाच्या घरी खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे. तिला बसमध्ये चढवणं शक्य नव्हतं. रिक्षा घोडबंदरच्या खड्ड्यांतून न्यायची म्हणजे तिचे हाल. मग मी ठरवलं, आपणच शिकायचं.

शिकवलं जवळच्याच मोरवा गावच्या एका मास्तरांनी. साठीचे, काळेसावळे, हाताची बोटं जाड. आधी तीस वर्षं त्यांनी मासळीचा टेम्पो चालवला होता आणि मग एक जुनी गाडी घेऊन ड्रायव्हिंगचे क्लास काढले. ते मला ‘बाय’ म्हणायचे. ओरडायचे नाहीत. मी नवघर रोडवर बसच्या पुढ्यात गाडी बंद पाडली की शांतपणे म्हणायचे, “घाबरू नुको बाय. त्याला हॉर्न हाय, तुला चावी हाय. चालू कर.” मला लायसन्स मिळालं त्या दिवशी मी शाळेत पेढे वाटले. मी एका खाजगी शाळेच्या ऑफिसात काम करते. शिक्षिकांनी टाळ्या वाजवल्या.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात गाडी घेतली. नवी कोरी, छोटी, ऑटोमॅटिक. क्लच नाही, गिअर टाकायचा नाही, ट्रॅफिकमध्ये पायाला आराम. शोरूममध्ये त्यांनी गाडीवर लाल कापड टाकून ठेवलं होतं, मी ते ओढलं, फोटो निघाले, केक कापला. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याचं कारण पुढे येईल.

पंधरा-वीस दिवस छान गेले. मग एका दुपारी काशीमिऱ्याच्या सिग्नलला गाडी बंद पडली. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम लागले, स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. मी चावी फिरवली, काही नाही. पुन्हा फिरवली, काही नाही. मागून हॉर्नचा भडिमार. सात-आठ मिनिटांनी आपोआप चालू झाली, जणू काही घडलंच नाही. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं असणार. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “नवीन आहेस ना, होतं असं.” मीही मान डोलावली.

दुसऱ्या वेळी पडली ती गायमुखच्या घाटात. मागच्या सीटवर आई होती. चढ अर्धा संपला होता, आई सांगत होती की वहिनी भाजीत तिखट फार घालते, आणि तेवढ्यात इंजिनाचा आवाजच गेला. गाडी मागे सरकायला लागली. ब्रेकवर मी अक्षरशः उभी राहिले, हँडब्रेक ओढला. मागे एक मोठा ट्रेलर होता. त्याचा ड्रायव्हर खाली उतरला, एक दगड शोधून त्याने आमच्या चाकामागे लावला आणि मला म्हणाला, “मॅडम, आप नीचे मत उतरना, बैठे रहो.” मी बसून राहिले. मागून आई म्हणाली, “तुला येत नाही तर कशाला चालवतेस गं? माणूस बघून ठेवायचा.”

आई असं बोलली याचा मला राग आला नाही तेव्हा. लाज वाटली. तिचा धड असलेला डावा हात पुढच्या सीटला घट्ट धरून होता, त्या हाताकडे मी आरशात बघत होते. दहा मिनिटांनी गाडी चालू झाली. त्यानंतर आई माझ्या गाडीत बसायला तयार झाली नाही. भाऊ फोनवर म्हणाला, “ताई, तिची इच्छा नाही तर राहू दे.”

मी गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. हायवेवर मोठं काचेचं सेंटर आहे, आत एसी, कॉफीचं मशीन. सर्व्हिस ॲडव्हायझर तिशीतला, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. मी सगळं सांगितलं. त्याने ऐकताना टॅबवर बोटं फिरवली. संध्याकाळी फोन आला, “मॅडम, स्कॅन केलं. काही एरर नाही. गाडी एकदम ओके आहे.”

“पण बंद पडते.”

“आमच्याकडे नाही पडली.”

ही खेप धरून सहा महिन्यांत मी आठ वेळा तिथे गेले. दर वेळी काहीतरी वेगळं कारण. पेट्रोलमध्ये भेसळ असेल, पंप बदला. बॅटरीचं टर्मिनल सैल होतं, घट्ट केलं. सॉफ्टवेअर अपडेट टाकलंय, आता प्रॉब्लेम येणार नाही. एकदा त्यांनी गाडी चार दिवस ठेवून घेतली आणि धुऊन परत दिली. धुतली छान होती. दर वेळी मी अर्धी रजा टाकायची, रिक्षाने घरी यायचं, रिक्षाने आणायला जायचं. आणि दर वेळी दहा-बारा दिवसांनी ती पुन्हा बंद पडायची. एकदा नवघर नाक्यावर, एकदा उड्डाणपुलावर, एकदा शाळेच्या गेटसमोर पालकांच्या गर्दीत. ज्या शिक्षिकांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्या काचेतून वाकून विचारत होत्या, “काय झालं? येत नाहीये का चालू करायला?”

आठव्या वेळी ॲडव्हायझरने माझ्या नवऱ्याला बाजूला घेतलं. मला घेतलं नाही, गाडी माझ्या नावावर असून. त्याला म्हणाला, “सर, बुरा मत मानना, पण लेडीज ड्रायव्हरचं काय होतं, ॲक्सिलरेटर आणि ब्रेक एकदम दाबतात. ड्रायव्हिंग हॅबिट आहे. थोडी प्रॅक्टिस करू दे मॅडमना.” नवऱ्याने घरी आल्यावर मला ते जसंच्या तसं सांगितलं आणि वर म्हणाला, “तो रोज शंभर गाड्या बघतो गं. त्याला कळत असेल ना काहीतरी.”

त्या रात्री मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गाडी घेऊन थेट मोरव्याला गेले. मास्तर ओट्यावर बसले होते. मी म्हटलं, “मास्तर, मी विसरले गाडी चालवायला. मला पुन्हा शिकवा. मी गाडी बंद पाडते.”

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग गाडीत डोकावले.

“बाय, हिला क्लच हाय का?”

“नाही. ऑटोमॅटिक आहे.”

“मंग क्लच न्हाय तर तू बंद कशी पाडशील? नवा माणूस गाडी बंद पाडतो ती क्लच चुकला म्हणून. हिच्यात तू चुकशील कुठं?”

इतकी साधी गोष्ट. सहा महिने मी, माझा नवरा, माझी आई, माझा भाऊ, शाळेतला स्टाफ, आणि तो टॅबवाला, आम्ही सगळे माझा पाय तपासत होतो. कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्या तरी यायला हवं होतं.

मास्तर तीन दिवस संध्याकाळी माझ्यासोबत गाडीत बसले. तिसऱ्या दिवशी ते स्वतः चालवत होते आणि भाईंदरच्या उड्डाणपुलाच्या चढावर गाडी त्यांच्या हातात मेली. त्यांनी हँडब्रेक लावला, खिडकीतून हात बाहेर काढून मागच्यांना जायला सांगितलं आणि मला म्हणाले, “बघितलंस? गाडीच खराब हाय. तुझी काय चूक न्हाय.”

मी रस्त्यातच रडायला लागले. ते बिचारे गोंधळले.

भाईंदर पश्चिमेला एका वाचनालयाच्या खोलीत शनिवारी दुपारी ग्राहक तक्रारींसाठी एक बाई बसतात. बँकेतून निवृत्त झालेल्या, केस पांढरे, चष्मा दोरीला. मी त्यांच्यासमोर जाड फाईल ठेवली. आदल्या रात्री इंटरनेटवर वाचून गेले होते, म्हणून मोठ्या आत्मविश्वासाने म्हटलं, “अमेरिकेत कायदा आहे. ठरावीक वेळा दुरुस्त करूनही नवी गाडी नीट झाली नाही तर कंपनीला परत घ्यावी लागते.”

“आहे,” त्या म्हणाल्या. “आपल्याकडे गाड्यांसाठी तसा वेगळा कायदा नाही. ग्राहक संरक्षण कायदा आहे. तो गाडीला लागतो, मिक्सरला लागतो, तुमच्या फ्रिजलाही लागतो. जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, वकील हवाच असं नाही, खरेदीपासून, सॉरी, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करायची. शोरूम आणि कंपनी दोघांनाही पार्टी करायचं, नाहीतर एकमेकांकडे बोट दाखवतात. पण दोष कारखान्यातलाच आहे हे तुम्हाला दाखवावं लागेल. गाडी देताना दर वेळी सही घेतात ती जॉबकार्डं आणलीत?”

मी आठही जॉबकार्डं दिली. त्यांनी एकेक वाचलं आणि चष्मा काढला.

“यात गाडी बंद पडते असं कुठेच लिहिलेलं नाही.”

मी कागद ओढून घेतले. जनरल चेकअप. जनरल चेकअप. वॉशिंग. सॉफ्टवेअर अपडेट. जनरल चेकअप. खाली प्रत्येक ठिकाणी माझी सही. मी आठ वेळा त्या माणसाला तोंडाने सांगितलं होतं, आणि आठ वेळा त्याने ते लिहिलं नव्हतं, आणि आठ वेळा मी न वाचता सही केली होती. शाळेच्या ऑफिसात मी पालकांना ओरडते, फॉर्म नीट वाचून सही करा म्हणून.

“पुन्हा जा,” बाई म्हणाल्या. “तुमच्या शब्दांत लिहून घ्या. त्याशिवाय गाडी ताब्यात देऊ नका.”

नवव्या वेळी मी गेले तेव्हा तयारीने गेले. ॲडव्हायझरने टॅब काढला.

मी म्हटलं, “लिहा. चालू गाडी अचानक बंद पडते, चढावर जास्त.”

“मॅडम, सिस्टीममध्ये तसं ऑप्शन नाहीये.”

“मग कुठलं आहे?”

“जनरल चेकअप आहे, रनिंग रिपेअर आहे, ॲक्सिडेंट आहे.”

“खाली रिमार्कचा रकाना आहे. त्यात लिहा.”

“त्यात आम्ही लिहितो मॅडम, कस्टमर नाही सांगत.”

“मी सांगतेय. गाडी बंद पडते, एवढंच लिहा.”

तो मॅनेजरला विचारून येतो म्हणाला आणि वीस मिनिटं गायब झाला. आल्यावर म्हणाला, मॅनेजर मीटिंगमध्ये आहेत. मी त्याच्या टेबलासमोरच्या खुर्चीत बसून राहिले. गाडी मी मुद्दाम त्यांच्या रॅम्पच्या तोंडाशी लावली होती आणि चावी माझ्या पर्समध्ये होती. मागे तीन गाड्या थांबल्या. वॉचमन दोनदा येऊन गेला. तास गेला, दीड तास गेला. एक गिऱ्हाईक माझ्यावर वैतागलं, “आंटी, गाडी हटाओ ना.” मी त्यांना माझी गोष्ट सांगितली, पहिल्यापासून. ते ऐकता ऐकता बसले. मग ते ॲडव्हायझरला म्हणाले, “लिख दे ना भाई, क्या जाता है तेरा?” शेवटी त्याने लिहिलं. एक ओळ. मी ती दोनदा वाचली, मग सही केली, आणि मोबाईलवर फोटो काढला. दहाव्या आणि अकराव्या वेळीही असंच केलं. अकराव्या वेळी तो मला बघूनच टाईप करायला लागला.

रजिस्टर्ड पोस्टाने नोटीस पाठवली. शोरूमचं उत्तर आलं की आम्ही फक्त विक्रेते, दोष असेल तर कंपनीचा. कंपनीचं उत्तर आलं की आमच्या गाड्या सर्व चाचण्यांतून जातात, देखभाल विक्रेत्याकडे आहे. दोघांच्याही पत्रात एक वाक्य सारखं होतं, ग्राहकाच्या चालवण्याच्या पद्धतीबद्दलचं. मग मी आयोगात तक्रार दाखल केली. बाईंनी मसुदा तपासून दिला. तारखा पडायला लागल्या. कधी त्यांचे वकील वेळ मागायचे, कधी एखादा कागद राहिलेला असायचा. मी प्रत्येक तारखेला रजा टाकून बसने जायचे, कारण माझी गाडी मला तिथपर्यंत पोचवेल याची खात्री नव्हती. घरी नवरा म्हणायचा, “विकून टाक ना. कुणीतरी घेईल.” मी विचारायचे, “आणि त्याच्या मागच्या सीटवर त्याची आई असली तर?” दोन दिवसांनी पुन्हा तेच म्हणायचा. त्या काळात आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत मिळून झाली नव्हती.

मास्तरांचं प्रतिज्ञापत्र लागणार होतं. ते आधी नको म्हणाले. “मी कोर्टाची पायरी कंदी चढलेलो न्हाय बाय. मना त्यातला काय कळत न्हाय.” दोन दिवसांनी स्वतःहून फोन केला, “खरा हाय ते सांगायला घाबरायचा कशाला. कुठं सही करायची हाय?” त्यांनी सांगितलं तेच लिहिलं, ‘अमुक ठिकाणी, मी स्वतः चालवत असताना, गाडी बंद पडली.’ कंपनीच्या उत्तरात आलं की सदर इसम सातवी शिकलेला असून वाहन अभियांत्रिकीचा तज्ज्ञ नाही. मी तो कागद मास्तरांना दाखवला नाही. तीस वर्षं ज्या माणसाने मासळी घेऊन पहाटे बाजार गाठला, त्याला गाडी बंद पडलीय की चालू आहे एवढं ओळखायला कुठली डिग्री लागते?

शेवटी आयोगाने गाडीची तज्ज्ञाकडून तपासणी करायला सांगितलं. तज्ज्ञ म्हणून एका इंजिनीअरिंग कॉलेजचे प्राध्यापक आले, बारीक, कमी बोलणारे. कंपनीतर्फे एक इंजिनिअर आला, इस्त्रीचा शर्ट, गॉगल. मी चालवायला बसले, प्राध्यापक बाजूला, इंजिनिअर मागे. प्राध्यापकांच्या मांडीवर लॅपटॉप आणि त्यातून गाडीला लावलेली वायर.

आणि गाडी बंद पडेना.

काशीमिऱ्याहून घोडबंदर, गायमुखचा घाट चढून पलीकडे, तिथून परत. एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं. एसी फुल. मुद्दाम हळू चालवली, मुद्दाम थांबवली. ती लोण्यासारखी चालत होती. मी आयुष्यात पहिल्यांदा मनातल्या मनात देवाला विनवत होते की बाबा रे, माझी गाडी बंद पाड. मागचा इंजिनिअर फोनवर कुणाशी तरी हसून बोलत होता, “हां सर, एकदम स्मूथ है.” मला खरंच वाटायला लागलं की मी वेडी आहे, हे सगळं माझ्या डोक्यातलं आहे.

परत आल्यावर प्राध्यापकांनी लॅपटॉप बंद केला. उतरता उतरता डॅशबोर्डकडे बघून विचारलं, “टाकी फुल आहे?”

“हो. सकाळीच भरली. तुम्ही येणार म्हणून.”

“एरवी किती असतं?”

मी विचार केला. शाळा जवळ, मोठा प्रवास आईकडे जाण्याचा, तोही आता बंद. “कमीच. पाव टाकी. काटा खाली आला की भरते.”

त्यांनी ते वहीत टिपून घेतलं. मग म्हणाले, “मला दुसरी तारीख हवी. टाकी पावपेक्षा कमी, आणि दुपारी दोनला. त्याआधी गाडी दोन तास उन्हात उभी ठेवा.”

इंजिनिअरने हरकत घेतली. तपासणी झाली, आता पुन्हा कशाला. प्राध्यापकांनी त्याच्याकडे न बघता सांगितलं, “माझा रिपोर्ट आहे. केव्हा पूर्ण झाला ते मी ठरवेन.”

दुसऱ्या वेळी इंजिनिअर म्हणाला, गाडी मी चालवणार. मॅडमच्या हॅबिटचा प्रश्न नको. मी आनंदाने चावी दिली आणि मागे बसले. काटा तळाला टेकत आला होता. गायमुखच्या चढाला, जिथे त्या दिवशी ट्रेलरवाल्याने दगड लावला होता तिथून फार तर पन्नास पावलं पुढे, डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले आणि गाडी मेली. इंजिनिअरच्या हातात. त्याने चावी फिरवली. पुन्हा फिरवली. मागे हॉर्न सुरू झाले. त्याने गॉगल काढला.

“पेट्रोल कम है ना, इसलिए,” तो म्हणाला.

“काटा शून्यावर नाही,” प्राध्यापक टाईप करत म्हणाले. “आणि पेट्रोल कमी असताना गाडी बंद पडली पाहिजे असं तुमच्या मॅन्युअलमध्ये लिहिलंय का?”

मला हसू आलं आणि ते थांबेना. भर घाटात, बंद गाडीत, मागे वाहनांची रांग, आणि मी मागच्या सीटवर तोंडाला पदर लावून हसतेय. आठ मिनिटांनी ती चालू झाली. नेहमीसारखी.

रिपोर्ट सोपा होता. टाकीतला पेट्रोलचा पंप सदोष होता. तो पेट्रोलमध्ये बुडालेला असला की थंड राहायचा. पेट्रोल कमी झालं, वर ऊन, त्यात चढ, की तापायचा आणि बंद पडायचा. थोडा निवला की पुन्हा चालू. त्यांच्या स्कॅनरला ते दिसत नव्हतं कारण कुणी त्या वेळी बघितलंच नव्हतं. एवढ्यासाठी दीड वर्ष माझ्या उजव्या पायावर संशय घेतला गेला होता.

आयोगाचा निकाल माझ्या बाजूने लागला. गाडी परत घ्या, किंमत परत करा, त्रासाबद्दल भरपाई द्या. निकालपत्रात एका परिच्छेदात असंही होतं की चालकाचा दोष दिसून येत नाही. मी तो परिच्छेद मोठ्याने नवऱ्याला वाचून दाखवला. तो ऐकून म्हणाला, “चुकलं माझं.” मग थोड्या वेळाने, “चहा टाकू?” मी म्हटलं, टाक.

मग कंपनीने वरच्या आयोगात अपील केलं. म्हणजे पुन्हा तारखा, आणि आता मुंबईत. तीन महिन्यांनी त्यांच्या वकिलाचा फोन आला. तडजोड करू. पूर्ण किंमत देतो, भरपाई सोडा. तडजोडीच्या कागदावर असेल की कंपनी कुठलाही दोष मान्य करत नाही, केवळ सद्भावनेपोटी रक्कम देत आहे. आणि मी कंपनीचं नाव घेऊन याबद्दल कुठेही लिहिणार-बोलणार नाही.

मी नाही म्हणाले. आठवडाभर नाही म्हणत राहिले. वाचनालयातल्या बाईंकडे गेले. मला वाटलं होतं त्या म्हणतील, लढा. त्यांनी विचारलं, “तुमची आई किती वर्षांची?”

“एक्क्याऐंशी.”

“तिच्यासाठी गाडी घेतली होतीत ना? अपिलाला किती लागतील सांगता येत नाही. तुम्ही जिंकाल असं मला वाटतं. पण तोवर ही गाडी उभी आणि दुसरी घेता येणार नाही.”

मी सही केली. सही करताना कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, त्यामुळे जास्तच चीड आली. ‘सद्भावना’ हा शब्द मी त्याआधी फक्त शाळेच्या फलकावर बघितला होता. त्यांच्या वकिलाने मला पेन देऊ केलं. मी माझंच वापरलं.

मास्तरांना जाऊन सांगितलं तेव्हा त्यांना मी हरले असं वाटलं. “म्हणजे त्यांनी चूक कबूल न्हाय केली?” मी म्हटलं, नाही केली. मग आत जाऊन त्यांनी सुकटीचं पुडकं आणून माझ्या हातात ठेवलं.

गाडी न्यायला क्रेनवाला आला तो एका मंगळवारी. मी शाळेत होते, नवऱ्याने कागद दिले. ती त्याच्यासमोर पहिल्याच चावीला चालू झाली म्हणे. तसं मॉडेल मला अजून रोज रस्त्यावर दिसतं. मागच्या सीटवर मुलं असतात, म्हातारी माणसं असतात. पंप कुणाकुणाचा तसा आहे, मला माहीत नाही, सगळ्यांचा नसेलही. सिग्नलला शेजारी आली की मला काच खाली करून सांगावंसं वाटतं, टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देऊ नका. दोनदा सांगितलंही. एक बाई घाबरून बघायला लागल्या. एकाने सिग्नल सुटायच्या आधीच गाडी पुढे काढली.

गाडी गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींचा मेसेज आला: पार्किंग रिकामं झालेलं दिसतंय, सरेंडर करणार आहात का, वेटिंग लिस्ट मोठी आहे. मी लगेच उत्तर दिलं, करणार नाही. मग दोन महिने ती जागा आमच्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या ठेवून अडवून धरली, आणि त्यावरून एक सर्वसाधारण सभा झाली. आता तिथे दुसऱ्या कंपनीची एक जुनी गाडी उभी असते, मास्तरांनी बघून, दोन दिवस चालवून, बॉनेटमध्ये डोकं घालून घेऊन दिलेली. हिला क्लच आहे. मी ती कधीकधी बंद पाडते.